नाक धरलेली मुलगी

बोंबलाला वास येतो, हे मला वयाच्या सातव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

वास होताच. वरोरला आमच्या घरासमोर समुद्राकडे तोंड करून बांबूच्या वलांड्या उभ्या असायच्या. दिवाळी झाली, उत्तरेकडून कोरडा वारा यायला लागला की त्यांच्या आडव्या दांड्यांवर बोंबील चढायचे. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दांडीवर टाकायची. आम्हा पोरींना हे कुणी शिकवल्याचं आठवत नाही. ओला बोंबील हातातून सुटून पळतो, बोटांना बारीक दात लागतात, मीठ त्या ओरखड्यांत झोंबतं. मग दोन-तीन दिवसांच्या उन्हात त्याचा कागद होतो आणि वारा आला की शेकडो जोड्या एकमेकींवर आपटून सळसळतात. या सगळ्याला वास असणारच. पण आमच्या लेखी तो वास नव्हता, ती सकाळ होती. त्याच सकाळीत आई पाठीवर हात ठेवून उठवायची.

यंदाही वारा फिरला आहे. मी आता तलासरीत राहते आणि अच्छाडच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. इथून समुद्र दिसत नाही. हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतात, आणि दुपारी खिडकीतून सुकलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास येतो. आईचा फोन आला, "बोंबील सुरू झाले गो, कधी येते?" आणि त्याच आठवड्यात शाळेत खोकं आलं.

मुंबईच्या एका संस्थेने पाठवलेलं खोकं. त्यात पंचवीस-तीस चित्रांची पुस्तकं, जाड गुळगुळीत कागदाची. मी खोकं फोडलं तेव्हा मुलं इतकी जवळ सरकली की मला हात हलवायला जागा उरेना. आधी एकानेही वाचलं नाही. सगळ्यांनी पानांवर गाल घासून पाहिला. मला ते ठाऊक होतं. मीही तेच केलं असतं.

त्यात एक पुस्तक वेगवेगळ्या माणसांची ओळख करून देणारं होतं. पानागणिक एक माणूस. डॉक्टर स्नेहाताई, वैमानिक कबीर, दुकानदार रमणकाका. शेवटून दुसऱ्या पानावर एक माणूस कमरेला पानं गुंडाळून, डोक्यात पीस खोचून, हातात भाला घेऊन जाळाभोवती नाचत होता. डोळे बटाट्याएवढे. खाली लिहिलं होतं, 'आदिवासी जंगलात राहतात. त्यांना नाचायला खूप आवडते.'

दुसरीतली सोनल ते पान घेऊन माझ्याकडे आली. तिचा बाप अच्छाडच्या नाक्यावर टायरच्या दुकानात काम करतो. घरी बोलतो ती एक भाषा, मालकाशी गुजराती, ड्रायव्हरांशी हिंदी, आणि माझ्याशी मराठी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार भाषांत माणसांची कामं करून देतो.

"बाई, यो कोण हाय?"

मी खालची ओळ वाचून दाखवली. दुसरं काय करणार होते?

"म्हंजे आमी?"

तिने चित्राकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझा बाबा तं पँट घालतो." हे ती मला सांगत नव्हती, पुस्तकाला सांगत होती. मग तिने पुस्तक मिटलं आणि खोक्यात सगळ्यात खाली नेऊन ठेवलं.

मला जे आठवलं ते पस्तीस वर्षांपूर्वीचं होतं.

आमच्या वरोरच्या शाळेत तेव्हा चित्रांचं पुस्तक एकच होतं. नाव सांगता येणार नाही, कारण माझ्या हातात आलं तेव्हा त्याचं मुखपृष्ठ गेलेलं होतं. मी दुसरीत भरभर वाचायला लागले म्हणून गुरुजींनी ते मला घरी न्यायला दिलं. त्या दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ते माझ्या उशाशी होतं. बाजाराचं पुस्तक होतं ते. एकेका पानावर एकेक विकणारं माणूस. कुंभाराच्या मडक्यांचा तांबूस रंग, फळवाल्याची हिरवीगार कलिंगडं, आणि फुलवाली. तिच्या टोपलीतल्या झेंडूचा केशरी रंग मला पुढे खऱ्या झेंडूतही सापडला नाही. तिच्याभोवती फुलपाखरं होती. मी त्या फुलपाखरांना बोटाने मोजायचे. वाचनाची गोडी मला त्या पुस्तकाने लावली, हे मी नाकारत नाही. मी आज शिक्षिका आहे यात त्याचा वाटा आहे. म्हणूनच राग जात नाही. परक्याने मारलं तर माणूस विसरतं. ज्याला रोज उशाशी घेऊन झोपलो त्याने मारलं, तर कसं विसरायचं?

कारण त्याच पुस्तकात एक मासळीवाली होती. काळीकुट्ट, ढेरपोट, तोंड आऽ वासलेलं, साडी गुडघ्यापर्यंत. तिच्या टोपलीभोवती माश्या होत्या, त्याही मी मोजल्या होत्या. आणि समोर गुलाबी फ्रॉक घातलेली, पांढरे मोजे घातलेली एक गोरी मुलगी दोन बोटांनी नाक धरून पळत होती. खाली ओळी होत्या:

आली आली मासळीवाली,
नाक धरून ताई पळाली!

गुरुजींनी वर्गात त्या ओळी चालीवर म्हणून घेतल्या. वर्गात सगळी कोळ्यांचीच मुलं. सगळ्यांच्या आया मासळी विकणाऱ्या. आम्ही सगळे नाक धरून पळालो आणि हसलो. मीही हसले, मीच सगळ्यात जोरात. मूल पुस्तक वाचतं तेव्हा ते टोपलीवाली होत नाही. ते फ्रॉकवाली होतं. चित्रात सुंदर कोण आहे, मोजे कुणाच्या पायात आहेत, हे त्याला लगेच कळतं, आणि ते जाऊन तिच्या बाजूला उभं राहतं.

त्या हंगामात आई सुके बोंबील घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची. सुट्टी असली की मीही बरोबर. पाड्यांवरून बायका यायच्या, पावसाळ्यासाठी सुकं भरून ठेवायला. आईची त्यांच्याशी घसट होती. कोण बाळंत झाली, कुणाच्या सासूचा गुडघा दुखतो, सगळं तिला माहीत. ती बोंबील तोलता तोलता बोलायची, आणि बोलताना तिचे हात टोपलीत असे फिरायचे की वाटावं ती कुणाची वेणी घालते आहे.

त्या दिवशी एक कुटुंब बाजारातून चाललं होतं. बहुधा बदलीवर आलेलं कुणातरी साहेबाचं. त्यांच्या मुलीच्या पायात पांढरे मोजे होते. ती आमच्यासमोरून जाताना माझ्याकडे बघू लागली. आणि माझा हात उठला. मी उठवला असं मला आठवत नाही, तो उठला. आईच्या शेजारी, आईच्या टोपलीला टेकून बसलेली मी, मी दोन बोटांनी माझं नाक धरलं. त्या मुलीला कळावं म्हणून. मी या बाजूची नाही, हे.

ती मुलगी निघून गेली. आईने तागडी खाली ठेवली. तिने पाहिलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने टोपली उचलून माझ्यापासून लांब, पलीकडच्या बाजूला ठेवली आणि म्हणाली, "उन्हात नको बसू. तिकडं झाडाखाली बस जा."

पुढच्या महिन्यात शाळेचं संमेलन होतं. कविता म्हणण्यात माझा पहिला नंबर आला होता. आई दोन दिवस सगळ्यांना सांगत होती. संमेलनाच्या सकाळी मी तिला म्हटलं, "तू येऊ नको. वास येतो."

मागच्या दारी जाऊन तिने आंघोळ केली, पुन्हा केली, मग लिंबू कापून हाताला चोळत बसली. हंगामात तिच्या हातांवर एक बोटभर जागा धड नसायची. त्या चिरांमध्ये ती लिंबू चोळत होती. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मनात म्हणत होते, अजून चोळ.

संमेलनात ती आत आली नाही. शाळेला तारेचं कुंपण होतं, त्याच्या बाहेर उभी राहिली. बक्षीस घेताना गुरुजींनी विचारलं, "घरून कुणी आलंय का?" मी कुंपणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आणि आता सोनल. खोकं आलं त्यानंतर तीन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तिची आजी शाळेच्या ओट्यापर्यंत येत नाही. आधी ती थेट वर्गाच्या दारात यायची, कमरेला कोयता, डोक्यावर फडकं, आणि बाहेरूनच ओरडायची, "सोने, चल गं!" आता ती लांब रस्त्यावर उभी राहायला लागली. सोनल निघायची, आजीच्या पुढे दहा पावलं चालायची. आजी भरभर आली की तीही भरभर. मी ओट्यावर उभी राहून ती दहा पावलं पाहत होते. ती मला ओळखीची होती.

"आजी आत का येत नाही गं?" मी विचारलं.

"मीच सांगितलं, रस्त्याव थांब," सोनल म्हणाली, आणि पाटी पुसायला लागली. पाटी कोरीच होती.

मी त्या संस्थेला फोन केला. एक तरुण मुलगा बोलला, आवाजाने गोड, वागण्याने सभ्य. मी पान सांगितलं, चित्र सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आमचा हेतू चांगला आहे."

"हेतू चांगलाच असेल. चित्र वाईट आहे."

"मुलांना रंगीबेरंगी आवडतं ना मॅडम. आणि आदिवासी संस्कृतीबद्दल आपुलकी वाटावी, म्हणूनच ते पान घेतलंय."

"कुणाला वाटावी? माझ्या वर्गात सगळे तेच आहेत."

तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत नक्की विचार करू.

केंद्रप्रमुखांना मी बैठकीत सांगितलं. त्यांना माझं म्हणणं कळलं नाही असं नाही. पण त्यांना सगळ्या शाळांचे फोटो वर पाठवायचे होते, मुलं हसतायत, हातात पुस्तकं आहेत, असे. ते म्हणाले, "बाई, धर्माची गाय. तिचे दात कशाला मोजताय?"

"साहेब, ती गाय चावते आहे."

बैठकीत सगळे हसले. मी हसले नाही.

त्या पुस्तकातलं विमान मी नीट पाहिलं आहे. त्याच्या खिडक्या मोजून काढल्यात, पंखांखाली चाकं कुठे असतात तेही बरोबर. काढणाऱ्याने विमान बघून विमान काढलं. मग माणूस का नाही बघून काढला? हायवेवरून उतरून दहा मिनिटं चालला असता तर पाडा आला असता. कुडाची घरं दिसली असती, त्यांच्यावर टीव्हीच्या छत्र्या दिसल्या असत्या, शाळेत निघालेल्या पोरी दिसल्या असत्या. इथल्या बायकांनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रं शहरातल्या मोठमोठ्या हॉटेलांत, पिशव्यांवर, चहाच्या कपांवर जाऊन बसली आहेत. शहर इथून चित्र नेतं तेव्हा सुबक, नेमकं, नजर लागेल असं नेतं. आणि उलट इकडे पाठवतं ते हे. पानं गुंडाळलेलं, भाला घेतलेलं. वर म्हणायचं, हेतू चांगला आहे!

लोक म्हणतात, चित्रच तर आहे. मुलांना काय कळतं. मी वीस वर्षं मुलांना शिकवते आहे, म्हणून सांगते. मुलांना चित्रच कळतं. अक्षर नंतर येतं. अक्षराशी मूल भांडू शकतं, आपण त्याला खरं-खोटं विचारायला शिकवतो. चित्राशी भांडायला शिकवतच नाही. ते आत जातं आणि बसतं, आणि मग बाजारात एक दिवस आपोआप हात उठतो.

मी ते पुस्तक लपवलं नाही. फाडावंसं वाटलं होतं, पण एका पुस्तकाचं पान फाडून बाकीच्या शाळांत गेलेल्या प्रतींचं काय? मी ते वर्गात सगळ्यांच्या मधोमध ठेवलं आणि विचारलं, "या चित्रात काय काय चुकलंय?"

पुस्तकात चूक असते, हेच त्यांना नवीन होतं. मग एकाने म्हटलं, याला थंडी वाजत असेल. दुसरी म्हणाली, इतका मोठा जाळ केला तर कुडाला आग लागंल. कुणी म्हणालं, झाडं खोटी आहेत, यात ताड नाही, मोहही नाही. मग सगळी सुटली. एकच कल्ला. सोनल शेवटपर्यंत बोलली नाही. कल्ला संपल्यावर हळूच म्हणाली, "बाई, याला नाव नाय."

मी मागची पानं उलटली. डॉक्टर स्नेहाताई. वैमानिक कबीर. दुकानदार रमणकाका. पुस्तकात सगळ्यांना नाव होतं, कुत्र्यालासुद्धा. याला नव्हतं. मी ते पान दहादा पाहिलं होतं, रागाने पाहिलं होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं.

मला वाटलं होतं, त्या दिवशी सोनल आजीचा हात धरेल. धरला नाही. दहा पावलं पुढेच चालत गेली. वर्गातल्या एका तासाने असली गोष्ट निघत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझी निघायला किती वर्षं लागली?

शनिवारी मी वरोरला गेले. आई वलांडीखाली बसून जोड्या लावत होती. ती आता सत्तरीला आलेली आहे, पण हात तसेच चालतात. मी शेजारी बसले, मीही जोड्या लावायला लागले. थोड्या वेळाने तिला सोनलचं सांगितलं, ते पान सांगितलं. आणि मग, कसं ते कळलं नाही, बाजारातलं आणि संमेलनातलंही सांगितलं. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी चुकले. कुणी आलं नाही म्हणाले."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "कुंपणाजवळच होते. ऐकलं."

वारा चालू होता. सुकलेल्या जोड्या वाजत होत्या.

"ते पुस्तक मी पण बघायची," ती म्हणाली. "तू शाळेत गेलीस की काढायची तुझ्या उशाखालून. मला वाचायला येत नव्हतं. पण ती बाई दिसायची ना. ती पोर नाक धरून पळते, ती पण दिसायची. मला वाटलं, छापलंय म्हणजे तसंच असणार. आपल्यालाच इतकी वर्षं कळलं नाय."

मी हातातला बोंबील तसाच धरून बसले.

"तेव्हापासून एसटीत मी सीटवर बसत नाय," ती म्हणाली. "मागं दाराजवळ उभी राहते. लोकांना तरास नको."

पस्तीस वर्षं. तलासरी ते डहाणू, डहाणू ते वरोर. मला वाटायचं, तिला उभं राहायची सवय आहे. मी कित्येकदा तिच्याबरोबर त्याच एसटीत खिडकीशी बसून आले आहे.

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसं?" आईने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी साधी बेरीज चुकले होते. "तू लहान होतीस गो. चित्र काढणारा तं मोठा होता ना?"

आणि ती पुन्हा जोड्या लावायला लागली.

सोमवारी मी त्या संस्थेला पत्र पाठवलं. त्यात विनंती हा शब्द घातला नाही. सोनलच्या बापाला बोलावून पान दाखवलं होतं. त्याने बराच वेळ पाहून पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली, पूर्ण नावाने. त्याच्यामागून आणखी अकरा घरांनी केल्या. उत्तर आलेलं नाही. म्हणून मी दर सोमवारी मधल्या सुट्टीत फोन करते. तो सभ्य मुलगा आता माझा आवाज ओळखतो.

"मॅडम, तुम्ही परत?"

"पुस्तक अजून वाटताय ना?"

"हो, ते चालूच आहे."

"मग परत."